दामलेकाका आणि त्यांचे बेडूक

दामलेकाका बायकांशी बोलायचे नाहीत. म्हणजे बोलायचे, पण कॅलेंडरकडे बघून आणि तेही आपल्या बायकोला उद्देशून. मी समोर बसलेली असले तरी म्हणायचे, "अगो, तिला विचार, चहात साखर किती?" मी सांगायची, "दीड चमचा." मग पुन्हा काकूंना, "काय म्हणाली?" आणि आमच्या मधोमध बसलेल्या काकू शांतपणे म्हणायच्या, "दीड."

असा हा देवरुखचा बुजरा माणूस पोटासाठी काय करत होता, तर गरोदरपणाच्या तपासण्या. चंडीगडला सेक्टर २२ मधल्या एका खाजगी लॅबमध्ये ते टेक्निशियन होते. अडुसष्ट-एकोणसत्तरचा सुमार. घरच्या घरी तपासायच्या पट्ट्या तेव्हा कुणी ऐकल्याही नव्हत्या. बाईची सकाळची पहिली लघवी घ्यायची, ती नर बेडकाला टोचायची आणि तीन-चार तासांनी बेडकाची लघवी मायक्रोस्कोपखाली बघायची. दिवस गेले असतील तर त्यात बेडकाचं बीज दिसायचं, नसतील तर नाही.

लॅबच्या मालकाला बेडकांचा वास सोसायचा नाही. त्यामुळे त्यांचा मुक्काम काकांच्या मागच्या व्हरांड्यात, ओलं गोणपाट टाकलेल्या पत्र्याच्या टबात असे. रोज सकाळी चार बेडूक कापडी पिशवीत घालून काका सायकलवर निघायचे. एकदा भर बाजारात पिशवी सुटली. छोलेवाल्या सरदारजींच्या गाडीखाली काका पोटावर पालथे पडून एकेकाला पकडत होते आणि वर ओरडून सांगत होते, "पाँव संभालो जी! ये लोग ड्यूटी पर हैं!"

आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा माझ्या लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. ह्यांची बदली साताऱ्याहून थेट इथे झालेली. मार्चमध्ये माझी पाळी चुकली, एप्रिलमध्येही आली नाही. मी काकूंच्या कानात सांगितलं, काकूंनी काकांच्या. काका कॅलेंडरला म्हणाले, "तिला सांग, उद्या सकाळची बाटली दे म्हणावं. बाटली उकळून घ्यायची. मागच्या खेपेला एकीनं लोणच्याची आणली होती."

संध्याकाळी निरोप आला, बेडूक नाही म्हणतोय. "घाई झाली असेल," काका म्हणाले, "दहा दिवसांनी पुन्हा बघू." दहा दिवसांनी दुसरा बेडूकही नाहीच म्हणाला.

पण तोवर ह्यांनी आनंदाच्या भरात आईला पत्र लिहून टाकलं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन सासूबाई हजर! त्यांच्या डोळ्यांना जिथेतिथे पुरावाच दिसायचा. मी दुपारभर झोपायची, ते डोहाळे. माझं अंग भरलं होतं, म्हणजे मुलगा. केस गळत होते, तर मग मुलगी. भर मे महिन्यात मी स्वेटर घालून बसायची, तेव्हा शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "थंड प्रकृतीचं बाळ आहे."

मीही मान डोलवायची. दिवस गेले नसतील तर मग काय झालंय, या विचाराचीच मला भीती वाटत होती.

तिसऱ्या बेडकानं नकार दिला त्या संध्याकाळी सासूबाई पदर खोचून दामल्यांच्या घरात शिरल्या, मागोमाग मी.

"अहो दामले, तुमच्या बेडकाला बायकांचं काय कळतंय? मी सात बाळंतपणं काढलीत."

काकांनी घाईघाईनं कॅलेंडर गाठलं. "अगो, त्यांना सांग, एक बेडूक चुकेल. तीन बेडूक संगनमत करायचे नाहीत."

"पंजाबातले बेडूक ते! सातारच्या पोरीचं त्यांना काय उमगणार?"

काकू तोंडाला पदर लावून हसू दाबत होत्या. आणि मला एकदम रडूच कोसळलं. "मग माझ्यात बिघडलंय तरी काय?" मी म्हणाले. "मला मूल होणारच नाही का?"

काका कॅलेंडरकडून वळले आणि पहिल्यांदाच थेट माझ्याकडे बघत म्हणाले, "पोरी, डोळे पूस आणि नीट ऐक. बेडकाला मी एकच प्रश्न विचारला होता, दिवस गेलेत का? तो नाही म्हणाला. पाळी का येत नाही, हे मी त्याला विचारलेलंच नाही. ते त्याला कळतही नाही. पाळी चुकायला ढीगभर कारणं असतात. काळजी असते, उपासमार असते, वजन चढतं, उतरतं, गळ्यातली ग्रंथी काम टाळते. त्यातलं तुझं कुठलं, ते डॉक्टर शोधेल. नुसतं नाही ऐकून घरी बसायचं नसतं." मग त्यांचं लक्ष माझ्या अंगाकडे गेलं. "आणि हे लोकरीचं काय घातलंयस? माझे बेडूक टबात धापा टाकतायत!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी मला आणि सासूबाईंना एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि स्वतः बाहेर झाडाखाली पाठ करून बसले. बाईंनी माझा गळा चाचपला, कातडी पाहिली, ढीगभर प्रश्न विचारले, रक्त घेतलं. आठवड्यानं निदान झालं, थायरॉइड सुस्तावलं आहे. रोज एक गोळी घ्यायची.

"और बच्चा?" सासूबाईंनी विचारलं.

"पहले इसे तो जगा लें, माँजी," बाई हसल्या.

श्रावणात माझी पाळी आली. सुनेला पाळी आली म्हणून साजूक तुपातला शिरा करणारी सासू मी तरी दुसरी पाहिली नाही. शिऱ्याची वाटी त्यांनी स्वतः दामल्यांकडे नेऊन दिली. कारण सांगितलं नाही. काकांनीही विचारलं नाही, फक्त वाटी चाटूनपुसून परत पाठवली.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण मला ते आठवतात ते त्या शिऱ्यानंतर दोन वर्षांनी लॅबमध्ये पाहिलेले. काकू माहेरी गेल्या होत्या, म्हणून माझ्या नव्या तपासणीचा कागद आणायला मीच गेले होते. काकांनी खिडकीतून तो माझ्या हातात दिला. माझ्यामागे एक तरुण पंजाबी मुलगी होती. तिनं आपला कागद वाचला आणि खाली मान घालून निघाली.

"बेटी, रुको," म्हणत काका खिडकीमागून बाहेर आले. तिच्यासमोर उभे राहून त्यांनी विचारलं, खाना खाती हो? नींद आती है? मग एका चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला.

आतून मालक खेकसला, "दामले, रिपोर्ट देना आपका काम है, बस!"

"जी," काका म्हणाले, आणि त्या मुलीला रस्त्यापलीकडे रिक्षात बसवून आले. परत येतात तो दारात आणखी तीन-चार बायका आपापले कागद धरून उभ्या. काकांनी भिंतीजवळचं बाकडं पुढे ओढलं आणि मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जिनका ना आया है, वो बैठ जाओ. जिनका हाँ आया है, वो घर जाओ."

माझ्या कागदावर हाँ होतं. मी घरी गेले.