दक्षिणेचा काठ

दगडांचा ट्रक तलावाच्या दक्षिण काठावर आला त्या दिवशी काका घरातून खुर्ची घेऊन गेले आणि ट्रकसमोर बसले.

"काका, घरे जाओ ने, ताप लागशे," तलाव समितीचे प्रमुख डोक्यावरच्या उन्हाकडे बोट दाखवत म्हणाले.

"लागू दे. एम नाही चालायचं."

हे त्यांचे नेहमीचे वाक्य. सुरुवातीचे 'एम', म्हणजे 'असं', गुजराती; पुढचा हट्ट मालवणी. दूधवाल्याला, रिक्षावाल्याला, मलाही ते ऐकावे लागे. तलावाकाठच्या एकाच सोसायटीत आमची घरे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात, ते बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला सभेला बोलवायला लोक विसरतात. मुद्दाम.

गाळ काढून तलाव पुन्हा भरला तेव्हा समितीने त्यात मरळ मासे सोडले. तीन बाजूंना दगडी बांध झाला होता. चौथ्या, दक्षिणेच्या बाजूला चिखल, गवत, पाणवेली. मरळ घरटे करते ते अशाच उथळ गवतात. तो काठही बांधला की दरवर्षी मासे विकत आणून सोडणे, एवढेच हाती उरणार होते.

"विकत आणलेले मासे तळ्याचे नव्हेत," काका म्हणत. "मी मालवणहून आलो, मी पाहुणा. माझी लेक इथे जन्मली, ती बडोद्याची. तसंच हे."

"मोटी थशे पछी खाशो ने, काका?" येणारे-जाणारे चिडवीत.

"खाईन की! पण आधी त्यांना पोरंबाळं होऊ देत."

खुर्ची काही हलली नाही. शेवटी दगड बाजूला उतरवून ट्रक गेला. प्रमुखांनी मुदत दिली : दिवाळीपर्यंत पिल्ले दिसली नाहीत, तर बांध होणार.

श्रावणात एका सकाळी गवताजवळ पाण्यावर तांबडा डाग दिसला. आरडाओरडा काकांनीच केला. "कोणीतरी रंग सोडलाय! जन्म गेला माझा रंगात, मला शिकवू नका." प्रमुखांना बोलावून घेतले आणि नमुना घ्यायला बाटली घेऊन स्वतः गुडघाभर पाण्यात शिरले. डाग बाजूला सरकला. काका पुढे गेले, डाग आणखी सरकला. मग पाण्याखालून काहीतरी येऊन त्यांच्या नडगीवर आदळले आणि काका चिखलात बसले.

डाग म्हणजे पिल्ले होती. मरळीची पिल्ले तांबडी असतात, थव्याने फिरतात, आईबाप खालून राखण करतात. हे काकांनीच आम्हाला नको होईपर्यंत सांगितले होते.

ते बसल्या जागी हसत सुटले. "मारलं मला! बघितलंत? घरात शिरलो म्हणून मारलं!"

प्रमुखांनी हात पुढे केला. काकांनी तो धरला नाही. "आधी बोला, बांध नाही."

"नहीं बांधिये, बापा. हवे ऊठो."

फाल्गुनात काका गेले. एवढे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले.

तेराव्यानंतर नवा ठेकेदार काठावर मोजपट्टी घेऊन आला. "आता कोण अडवणार?" तो प्रमुखांना म्हणाला. मी सभेत कधी बोलत नाही. "मी," म्हटले. आवाज कापत होता, म्हणून पुन्हा म्हटले. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे, आणि त्याला मोजपट्टी गुंडाळायला सांगितली.

दगड उचलून नेले. या वर्षी कोणी मासे विकत आणून सोडले नाहीत. दक्षिण काठाला चिखल आहे, गवत आहे. तलावात मरळ आहे.