सेक्रेटरीच्या मुठीतलं कुर्डू

माझ्या सासूबाई, जाईबाई, कुणाशी भांडत नाहीत. माणसाला जेवू घालतात, मग तोच गप्प बसतो.

रत्नागिरीत आम्ही घर बांधलं ते कातळावर. बागेत माती बोटभर. तिथे त्यांनी मंडणगडच्या माहेराहून पदराच्या गाठीत आणलेलं कुर्डूचं बी टाकलं. "आईनं सोनं नाय दिलं, ह्ये दिलं," म्हणाल्या आणि डोळे पुसले. पावसात गुडघाभर रोपं आली. ना खत, ना लाड.

पण कॉलनीचे सेक्रेटरी राजेंद्रभाऊ पडले गुलाबवाले! "काकी, दर्शनी बागेत रान चालणार नाही. रविवारी स्वच्छता मोहीम आहे, उपटून टाकतो."

"फुलेपर्यंत तरी थांबा ओ."

"हे कसलं फुलतंय!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. पण शनिवारी त्यांनी कोवळे शेंडे खुडले, कांदा-सुकट घालून भाजी केली आणि डबा माझ्याच हाती भाऊंकडे धाडला. "कसली भाजी ता सांगू नको हां गो." मी कशाला सांगते!

रविवारी भाऊ दोन गडी घेऊन हजर. स्वतःच वाकून पहिलं रोप मुठीत धरलं आणि मधेच थांबले. "काकी, कालची भाजी कसली हो? आमच्या हिनं आणि मी डबा पुसून खाल्ला."

"तुमच्या मुठीत हाय ती."

मूठ सुटली. गडी खो खो हसले, मला तर फाटक धरावं लागलं.

"थोडे शेंडे मिळतील?" भाऊ हळूच म्हणाले.

मग काय, आठवड्यातून दोनदा स्वारी पिशवी घेऊन दारात! मी चिडले. "आई, हा माणूस खाऊनच संपवणार. फुलं कधी यायची?"

"खुडू दे गो मेल्याला."

नवरात्र सरलं, ऊन भाजायला लागलं, त्यात कॉलनीची पाण्याची मोटर जळली. भाऊंच्या गुलाबांनी माना टाकल्या. आमच्याकडे मात्र जिथे एक शेंडा खुडलेला तिथे चार फुटवे, प्रत्येकावर गुलाबी तुरा.

"काकी, पाणी कुठून आणता?"

"पाणी कशाला? तुम्ही खुडलंत म्हणून एवढं फुललं."

भाऊ डोकं खाजवत राहिले. सासूबाईंनी एक वाळका तुरा तळव्यावर चोळला आणि काळं बी त्यांच्या त्याच मुठीत ठेवलं. "माझ्या आयशीचं हाय. आता तुमच्या दारात लावा, नि मग उपटून दाखवा."