टीव्हीवरच्या सरांचा दाखला

"खाली बसून दाखव," मी म्हटलं.

वैष्णवी अर्धी खाली गेली आणि टेबलाची कड धरून तिथंच अडकली. चेहऱ्यावर मात्र काहीच होत नसल्याचा आव. पोलीसभरतीच्या पोरी अशाच असतात. दुखतंय म्हणायची लाज वाटते, आणि मग ऐन मैदानात मटकन खाली बसतात.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"नाटकं करू नकोस."

"आठ दिवस झाले, मॅडम. डावा. जिना उतरताना लई दुखतो."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नारायणगावात एसटी स्टँडच्या मागे, खताच्या दुकानावरच्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे. साडेचार वर्षं शिकले, त्यानंतर एकोणीस वर्षं हेच काम करतेय, तरी निम्मं गाव मला 'मालिशवाल्या मॅडम' म्हणतं. मी मालिश करत नाही. हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगते आणि तो माणूस म्हणतो, "बरं बरं, पण जरा पाठीला चोळून द्या." सीझनला टोमॅटोचे क्रेट उचलून कंबर धरलेले लोक येतात, गुडघ्याच्या म्हाताऱ्या येतात, आणि भरतीच्या तोंडावर ही पोरं-पोरी.

वैष्णवी लोणीची. आई अंगणवाडीत मदतनीस. मागच्या भरतीत मैदानात थोडक्यात राहिली होती. घरच्यांनी सांगून टाकलं होतं की ही शेवटची, यानंतर स्थळं बघायची. मैदान तीन आठवड्यांवर आलं होतं. आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक. यातल्या दोन गोष्टींना गुडघा लागतो, आणि तिसऱ्याला लागत नाही असं ज्याला वाटतं त्यानं गोळा फेकून बघावा.

मी गुडघ्याची वाटी हलवून पाहिली, मांडीचा जोर पाहिला, तिला चालवलं, एका पायावर उभं केलं. याला आम्ही असेसमेंट म्हणतो. म्हणजे हात घालण्याआधी विचारायचं, बघायचं, दाबायचं. वाटीच्या मागे सूज होती. फाटलं-तुटलं काही नव्हतं.

"काय केलंस?"

"सरांचे जंप स्क्वॉट. रोज शंभर."

"कोण सर?"

"टीव्हीवरचे ओ! सकाळच्या कार्यक्रमात येतात ते."

मग मला कळलं. बिनबाह्यांचा बनियन घालून ओरडणारा तो. उठाबशा काढायच्या, उठताना हवेत उडी मारायची आणि धप्पकन खाली यायचं. हे वैष्णवी सिमेंटच्या ओट्यावर अनवाणी करत होती. दुखायला लागलं तर सरांचं वाक्य ठरलेलं होतं. 'दर्द से दोस्ती!' म्हणून ती आणखी वीस मारायची.

मी सांगितलं, दहा दिवस उड्या बंद. मांडीचे चार व्यायाम दिले, गुडघ्याला आधाराची टेप लावली, बर्फ कसा लावायचा ते दाखवलं. म्हटलं, ऐकलंस तर धावशील. नाही ऐकलंस तर तुझ्या लग्नाचा आहेर मी आत्ताच देऊन टाकते.

ती हसली नाही. "पण मॅडम, रविवारी सर येणारेत. वारूळवाडीला. आमच्या भरतीच्या अकॅडमीतल्या चार पोरी स्टेजवर घेणारेत, त्यात मी आहे."

दुसऱ्या दिवशी बबनतात्या आले. तात्या म्हणजे यात्रा कमिटीतला मोठा माणूस, गाडामालक. आमच्याकडे यात्रेला घाटात, म्हणजे शर्यतीसाठी राखलेल्या चढाच्या पट्टीवर, बैलगाड्यांची शर्यत होते, तिथं ज्याचे बैल पळतात तो गाडामालक, आणि गाडामालकाचा रुबाब आमदाराला मिळत नाही. रविवारच्या शिबिराचे आयोजक तात्याच होते. त्यांनी मोबाईलवर फ्लेक्स दाखवला. मधे सर, दंड फुगवून. उजवीकडे तात्या. डावीकडे मी, 'वैद्यकीय सहकार्य' अशा पट्टीवर. फोटो कुठून घेतला देव जाणे, पण बरा होता.

"एक सही द्या, मॅडम. जागेवर वैद्यकीय सोय हाय म्हणून. परवानगीला लागतीय."

"देते. पण तात्या, या सरांचं शिक्षण काय?"

"कुनाचं?"

"सरांचं."

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाचं आधार कार्ड मागितलं. "आवो, टीव्हीवर येतो माणूस! हिरो लोकांचा घाम काढतो. त्याला शिक्षण इचारायचं म्हंजी..."

"घाटात बैल आणला की तुम्ही काय विचारता?"

तात्या खुलले. बैलाचा विषय निघाला की ते खुलतातच. "जनावराच्या डॉक्टरचा दाखला. पळायला फिट हाय म्हणून. त्याबिगर पळायची बारी न्हाई. माज्या सख्ख्या मेव्हण्याची जोडी माघारी धाडली मी. दाखला न्हाई म्हणला. तवापासून बोलत न्हाई तो माज्याशी."

"मग रविवारी हा माणूस गावातल्या आया-बहिणींना उड्या मारायला लावणार. त्याचा दाखला कुठंय?"

तात्या आधी हसले. मग हसायचे थांबले. मग त्यांनी सरांच्या मॅनेजरला फोन लावला, स्पीकरवर.

"सर का सर्टिफिकेट?" पलीकडे एक मुलगी होती. "सर तो खुद ब्रँड हैं."

"ताई, ब्रँड ठीक हाय. कागद धाडा."

अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर कागद आला. सोनेरी नक्षीची कड, लाल शिक्का, रिबीन. मजकूर असा, की अमुक सरांना 'मास्टर सेलिब्रिटी फिटनेस एक्स्पर्ट' ही पदवी देण्यात येत आहे. संस्थेचं नाव वाचलं तर सरांचंच आडनाव आणि पुढे अकॅडमी. खाली सही होती संस्थापक-संचालकांची. मी फोटो मोठा करून पाहिला. संचालकही सरच. घेणारे सर, देणारे सर. फोटो काढायला तेवढा दुसरा माणूस लागला असेल.

"शिक्का तर हाय की," तात्या चष्मा वर करत म्हणाले.

"आहे ना. उद्या तुमच्या बैलानं स्वतःच स्वतःला फिटनेसचा दाखला दिला, खुराचा शिक्का मारून, तर घ्याल?"

तात्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मॅडम, पर फ्लेक्स छापून झालंत."

झालं. आमच्या भागात फ्लेक्स छापला की विषय संपतो. कोर्टाचा निकाल एक वेळ फिरेल, फ्लेक्स फिरत नाही.

इथं थोडं सांगते. व्यायाम शिकवायचं रीतसर शिक्षण असतं. महिनोन्‌महिने अभ्यास करावा लागतो, शरीर शिकावं लागतं, परीक्षा असते, प्रथमोपचार येतोय का ते बघतात. मंचरला एक मुलगा आहे, दोन खोल्यांत जिम चालवतो. असं सगळं शिकलेला. पन्नाशीचा माणूस आला तर आधी डॉक्टरकडे पाठवतो, गुडघा दुखणारा आला तर माझ्याकडे. त्याला कुणी फेटा बांधत नाही. पण माझ्या माहितीप्रमाणे आपल्याकडे 'ट्रेनर' ही पाटी लावायला काही लागत नाही. रिक्षा चालवायला लायसन लागतं, केस कापायला निदान हात बसलेला लागतो. ट्रेनरला दंड असले की भागतं. आणि टीव्हीवाले काय तपासतात म्हणाल, तर उजेडात चेहरा कसा दिसतो ते.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी सही केली. का केली? फ्लेक्सवर फोटो बरा होता म्हणून. आता लाजून उपयोग नाही. सही केली आणि वैष्णवीला बजावलं, जा, पण नुसती बस. ती "हो मॅडम" म्हणाली. आम्ही दोघीही सारख्याच शहाण्या.

रविवारी वारूळवाडीच्या मंगल कार्यालयाचं लॉन भरलं. सर दोन तास उशिरा आले. ताशा वाजला, जेसीबीतून फुलं पडली. मग सत्कार. सरांच्या बिनबाह्यांच्या बनियनवर शाल, डोक्यावर फेटा, हातात नारळ. ते ओवाळणीला बसलेल्या पैलवानासारखे दिसत होते. पाठोपाठ सगळ्यांचे सत्कार. मलाही शाल-नारळ मिळाला. अंग गरम करायचे व्यायाम म्हणाल तर तासभर टाळ्या वाजवल्या, तेवढेच.

मग सरांनी सगळ्यांना जागेवर उभं केलं, तात्या आणि मी तेवढे खुर्चीत राहिलो, आणि चार पोरींना वर बोलावलं. वैष्णवी बसून राहिली. अकॅडमीच्या मास्तरांनी डोळे वटारले. ती उठली.

सरांनी ना काही विचारलं, ना पायांकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे तोंड करून सुरूच केलं. "वन! टू!" तिसऱ्या उडीला वैष्णवी खाली आली आणि डावा पाय तिनं हळूच उचलून धरला. सर माईक घेऊन जवळ गेले. त्यांना वाटलं, आता पोरगी काहीतरी जोरदार बोलणार.

ती म्हणाली, "सर, माझ्या गुडघ्याला सूज आहे. करू का नको?"

सगळ्या लॉनला ऐकू गेलं. प्रश्न साधा होता. ज्याला येतं त्यानं दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं.

सर लोकांकडे वळले. "दर्द किसका दोस्त है?"

"अपना!"

"तो दोस्त को घर से निकालेंगे क्या?"

टाळ्या. शिट्ट्या. वैष्णवीनं माझ्याकडे बघितलं.

मी उठायला हवं होतं. माझ्या मांडीवर नारळ होता. कॅमेरा चालू होता, पुढच्या रांगेत सगळी मोठी माणसं होती, आणि मी विचार करत होते की आता मधे उठलं तर कसं दिसेल. एकोणीस वर्षांचा अनुभव, आणि मी दिसण्याचा विचार करत होते! अजून आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटतं.

उठले ते तात्या. पांढऱ्या पायजम्यानिशी स्टेजवर पोरीपुढे उकिडवे बसले.

"पोरी, हात लावू का?"

ती मान हलवून हो म्हणाली. तात्यांनी हाताची पालथी बाजू आधी उजव्या गुडघ्याला लावली, मग डाव्याला. पुन्हा उजव्याला, पुन्हा डाव्याला. घाटात बैल तपासतात तसं. मी हेच कॉलेजात शिकले होते, पहिल्या वर्षी नव्हे, तिसऱ्या.

"ह्यो थंड हाय. ह्यो तापलाय." अंगठ्यानं वाटीच्या कडेला दाबलं, ती "आई गं" म्हणाली. "हिला जुंपायची न्हाई. उतर खाली, बाय."

सर हसत म्हणाले, "अंकल, ये सब मेंटल है. मोटिवेशन चाहिए इसको."

तात्या गुडघ्यावर हात देत उठले. "पावनं, बैल लंगडला तर आमी गाडा सोडतो. बैलाला भाषाण न्हाई देत."

मग मागून गाडामालकांच्या घोळक्यातून अशी हसण्याची लाट आली की सरांचा फेटा सैल झाला. तेव्हा कुठे मला कंठ फुटला. नारळ खुर्चीवर ठेवला, माईक घेतला आणि सांगितलं, ज्यांचा गुडघा दुखतो, कंबर दुखते, बीपी आहे किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी खाली बसा. अर्धं लॉन खाली बसलं. पुढच्या रांगेतली मोठी माणसं तर सगळीच बसली.

उरलेला कार्यक्रम सरांनी उरलेल्या लोकांबरोबर उरकला. सेल्फी झाल्या. ते जाताना तात्यांनी त्यांना गाडीपर्यंत सोडलं, हात जोडले. पाहुणा तो पाहुणा.

वैष्णवीच्या पायाला मी तिथंच बर्फ लावला. चार दिवस सूज वाढलेली राहिली. त्या चार दिवसांत तिची आई दोनदा क्लिनिकला येऊन गेली. दारातल्या स्टुलावर बसायची आणि माझं तोंड बघायची. पाचव्या दिवशी सूज उतरली. मग मांडीचे व्यायाम, मग चालणं, मग मातीवर हळू धावणं. रोज लोणीहून जीप बदलत बदलत यायची. मैदानाच्या आदल्या दिवशी मी टेप दोनदा काढून पुन्हा लावली.

ती धावली. आठशे मीटर पूर्ण मार्कांत नाही, पण पुरेशा मार्कांत. पुढे लेखी झाली, यादी लागली, यादीत नाव आलं. फोनवर ती आणि तिची आई एकाच वेळी बोलत होत्या आणि रडत होत्या, मला एक अक्षर कळलं नाही. मीही रडले, क्लिनिकमध्ये कंबरेला शेक घेत पालथा पडलेला माणूस असताना.

यानंतर आठवडाभरात वैष्णवीला त्या मॅनेजर मुलीचा फोन आला. सरांच्या शिबिरातली मुलगी पोलीस झाली, तर सरांच्या ट्रेनिंगबद्दल दोन शब्द कॅमेऱ्यासमोर बोलशील का म्हणून.

"बोलते की," वैष्णवी म्हणाली. "फक्त सरांना एक विचारून सांगा. माझा कुठला गुडघा दुखत होता?"

मॅनेजर मुलगी म्हणाली, "सर से पूछ के बताती हूँ."

अजून कळवलेलं नाही.

तेव्हा कुणी व्यायाम शिकवायला आला, तर तो टीव्हीवर किती वेळा येतो ते मोजू नका. उडी मारायला सांगण्याआधी तो तुम्हाला काय विचारतो, तेवढं ऐका. काहीच विचारत नसेल, तर शाल-नारळ द्या आणि गाडीत बसवून द्या.