दिल्ली दोन तास

घरातलं माणूस गावाला निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा आमच्या आईचा नियम. कोणी एस.टी.ने मालेगावला गेलं तर आम्ही तो बिनतक्रार पाळायचो. पण ऐंशीनंतर कधीतरी धाकट्या भावाला त्याच्या कचेरीने विमानाने दिल्लीला पाठवलं, आणि नेमके त्याच संध्याकाळी बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते.

भाऊ पहाटेच नाशिकहून टॅक्सीने मुंबईला गेला. मागे सुतळीचे तुकडे, वर्तमानपत्राचे कपटे आणि वाटेत खायला भाजलेल्या शेंगांची टरफलं घरभर. बायकोने केरसुणी उचलली तशी आई म्हणाली, "पोचू दे त्याला."

मी मुलीचं नकाशाचं पुस्तक काढलं, मुंबई ते दिल्ली दोरा लावून मोजलं. साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास भरलं. "आई, विमानाला दोन तास. एकला सुटलं की तीनला दिल्ली. पाहुणे पाचला," मी रुबाबात सांगितलं. आईला पटलं.

दोनच्या सुमारास शेजारच्या डॉक्टरांकडे भावाचा फोन आला. विमानात काही बिघाड होता, सहाच्या आत ते सुटणार नव्हतं.

घरी येऊन मी कोणालाच काही सांगितलं नाही. तीन वाजले की 'पोचला' अशी थाप मारायची, असं ठरवलं होतं. पण आई देवापुढे बसली होती आणि मला ते बोलवेना.

"अहो, तीन वाजून गेले," बायको म्हणाली.

"पोचला असेल."

"असेल म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे निरोप यायचाय."

"दोन तासांचं विमान," बायको मला ऐकू येईल इतपत पुटपुटली, "आणि केर सकाळपासून जागचा हलत नाही."

मी उलट तिच्यावरच डाफरलो. बहीण नवी साडी नेसून, टरफलं चुकवत या खोलीतून त्या खोलीत जात होती.

पाच वाजत आले तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं.

आई माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे दुपारपासून तो मुंबईत बाकावर बसून आहे?"

"हो."

"बसलेल्या माणसाला कसला आलाय प्रवास? मग आधी सांगायचं नाही होय रे? काढ गं केर, त्याचं विमान हलायच्या आत."

बायकोने माझ्याकडे न बघता केर काढला. धूळ खाली बसायच्या आत पाहुणे दारात. मुलाच्या वडिलांनी बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि ते शिंकले. मुलाच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं. ते पुन्हा शिंकले.

आठवड्याने नकार आला. कारण काही कळवलं नव्हतं. बहिणीचं पुढे चांदवडला जमलं, ती सुखात आहे, आणि हा विषय निघाला की सगळ्यांत जास्त तीच हसते. मला अजून हसता येत नाही. अमुक गावाला विमानाने किती वेळ लागतो, असं कोणी विचारलं तर मी माहीत नाही म्हणतो.