डॉर्कसच्या अंगणातली चिकणमाती

नवरा वारला आणि ‘ब्लॅक हॉर्स’ पब डॉर्कस पेटिटच्या अंगावर पडला, मागच्या अंगणासकट. त्या अंगणात चिकणमातीचे दोन चौकोन होते आणि प्रत्येकात मधोमध एक लोखंडी खुंटी. एका चौकोनाशी उभं राहायचं आणि जड लोखंडी कडं दुसऱ्यातल्या खुंटीवर फेकायचं. या खेळाला आम्ही क्वॉइट म्हणायचो. आज इंग्लंडातल्या आमच्या सफोकमधल्या पोरांना हे नावही ठाऊक नाही. तेव्हा शनिवारी अख्खं गाव तिथे जमायचं. कडं मातीत रुतलं की धप्प, कड्यावर कडं आदळलं की ठण्ण. शेताच्या पार टोकाला घोडे सोडताना तो आवाज मला ऐकू यायचा, आणि माझे पाय आपोआप पबाकडे वळायचे.

डॉर्कसचा रूबेन आणि एडा लार्टरचा पर्सी ही आमची जोडी. पलीकडच्या गावांना त्यांनी कधी जिंकू दिलं नाही. पुढे दुसरं महायुद्ध पेटलं, दोघं एकाच दिवशी पलटणीत गेले आणि सिंगापूर पडलं तेव्हा एकत्रच जपान्यांच्या हाती लागले. त्यानंतर दोघांची काहीच खबर नाही.

माती सुकली की तिला भेगा पडतात. म्हणून डॉर्कस रोज सकाळी विहिरीचं पाणी शिंपायची आणि वर ओली पोती अंथरायची. एडाही मदतीला यायची.

“कुणासाठी शिंपतेस गं एवढं?” एझ्रा लोहार ग्लासातून तोंड वर काढून विचारायचा. “खेळायला उरलंय कोण? मी आणि माझा संधिवात!”

“तू पी आणि गप बैस. रूबेन आला की त्याला काय भेगा दाखवू?”

लढाईसाठी लोखंड गोळा करणारी गाडी आली. चर्चचं कुंपण गेलं, बायकांच्या कढया गेल्या. गाडीवाल्याने डॉर्कसकडे खेळातली सगळी कडी मागितली.

“हरवली,” ती म्हणाली.

“एवढी जड कडी हरवली?”

“लढाईत माणसं हरवतात. कड्यांचं काय घेऊन बसलात?”

कडी तळघरात पिंपांमागे होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ज्यांनी कढया दिल्या होत्या, त्या बायका चर्चमध्ये तिच्या बाकावर बसेनाशा झाल्या.

लढाई संपली त्या ऑक्टोबरात रूबेन आला. एकटाच. स्टेशनवर मी गाडी जुंपून गेलो होतो, तर तो माझ्यासमोरून गेला तरी मला ओळखू आला नाही. त्याचा कोट खांद्यावर नुसता टांगल्यासारखा दिसत होता.

एडा त्याच दिवशी आली. दारातच उभी राहिली.

“पर्सीला फार त्रास झाला का रे?”

“नाही, एडामावशी. तापात झोपला आणि झोपेतच गेला.”

ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली.

रूबेनला बरं वाटावं म्हणून शनिवारी आम्ही सामना ठरवला. डॉर्कसने कडी वर आणली, तेल लावून पुसली. पोती काढली तर माती लोण्यासारखी मऊ. रूबेन बाकावर बसून चक्क हसत होता. एझ्राने पहिलं कडं टाकलं, धप्प. मी दुसरं टाकलं. ते एझ्राच्या कड्यावर आदळलं, ठण्ण.

रूबेन बाकाखाली शिरला. दोन्ही हात कानांवर दाबून ओरडत राहिला, “धर, पर्सी! नीट धर!”

डॉर्कस मातीत गुडघे टेकून त्याच्याशेजारी बसली. आम्ही टोप्या उचलल्या आणि निघालो.

त्या दिवशी रूबेनने आईला काय सांगितलं ते तिने पुढे कितीतरी वर्षांनी मला सांगितलं. तिकडे जपान्यांच्या कैदेत रेल्वेसाठी खडक फोडायचं काम होतं. पर्सी पहार धरायचा, रूबेन वरून घण घालायचा. थांबलं की मार. एकदा पर्सीला भोवळ आली, पहार कलंडली आणि उतरता घण त्याच्या मनगटावर बसला. तिकडे औषध कुठलं! हात सडला, आणि पर्सी ओरडत ओरडत गेला.

“एडाला सांगू नकोस,” ती म्हणाली. मी सांगितलं नाही.

त्या शनिवारनंतर डॉर्कसने खुंट्या उपटल्या आणि कडी स्वतः ढकलगाडीवर घालून भंगारवाल्याला देऊन टाकली. चिकणमाती उकरून तिथे शेणखत भरलं. काही दिवस आमचे लोक दुसऱ्या गावात जाऊन खेळले, मग तेही बंद पडलं. पबात भिंतीवर बाण मारायची चकती लागली. तिचा आवाज होत नाही.

रूबेन सात वर्षं जगला. स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलायचा. बाहेर फारसा आला नाही. एका हिवाळ्यात छाती भरली आणि गेला.

दफन झाल्यावर, वसंतात, एझ्राने भीतभीतच विषय काढला. “डॉर्कस, आता... अंगण पुन्हा करायचं का? मी कडी घडवतो.”

ती खिडकीतून बाहेर बघत होती.

“तिथे कोबी आहे, एझ्रा,” ती म्हणाली. “जाताना एक घेऊन जा.”