पंखाला टेकलेला कान

मेधाचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या बसस्टँडवर उभा होतो, बेळगावला आक्कालाच भेटायला निघालेलो. “मामा, आता घाई करू नका,” एवढंच आक्काची लेक म्हणाली. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरीही समोर लागलेल्या बसमध्ये धावत जाऊन चढलो... इतक्या वर्षांची सवय. आक्काला उशीर खपत नसे.

आक्का माझी थोरली बहीण. टिळकवाडीत राहायची, जन्मभर गणित शिकवलं. निवृत्तीच्या समारंभात तिला शाल, श्रीफळ आणि दीड तासाची भाषणं मिळाली. त्यातली शाल तेवढी उपयोगी पडली, कारण पुढच्याच महिन्यात तिनं कॅमेरा घेतला आणि तो गुंडाळायला काहीतरी हवंच होतं. बसलेल्या पक्ष्यांत तिला रस नव्हता. “बसलेला पक्षी कुणीबी काढंल,” म्हणायची. तिला उडणारे हवे असत, आणि त्यातही बोरगावला दूधगंगेवर येणारे नदी सुरय. राखाडी पंखांचा, काळ्या टोपीचा हा पक्षी पाण्यावरून असा वळतो की बघणाऱ्याची मान दुखून येते. ती बसनं निपाणीला यायची आणि तिथून माझ्या स्कूटरवर आम्ही नदीवर जायचो.

पण उडता पक्षी टिपायला लेन्स जड लागते, आणि तिचं मनगट दुखरं. स्टँड लावून पाहिला. तो फिरवेपर्यंत सुरय नदीपलीकडं महाराष्ट्रात पोचलेला असे. शेवटी तिनं माझा खांदा धरला. मी पुढं उभा, माझ्या उजव्या खांद्यावर लेन्स आणि मागं आक्का. “हलू नको रं.” मी हलत नसे, पण पक्षी आला की मान वळतेच. मान वळली की फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक तपकिरी, धुरकट गोळा उमटायचा. तो माझा कान.

“परत आलास की रं मधी, बाळू!”

“मग दुसरा खांदा बघ जा.”

“दुसरा गावला असता तर तुला कोण इचारतंय?”

फोटो कापायची तिची रीत निराळी होती. ती पोस्टकार्डाएवढे फोटो छापून आणायची. शहापुरात घेतलेल्या साडीच्या खोक्यातून पुठ्ठ्याचे ‘एल’ आकाराचे दोन काटकोनी तुकडे कापलेले होते, ते फोटोवर ठेवून पुढं-मागं सरकवत बसायची, शिंपी कापड बेततो तशी. चौकट मनासारखी झाली की पेन्सिलीनं खूण, आणि मग तेवढाच भाग मोठा करून घ्यायचा. पक्षी मधोमध ठेवायचा नाही. तसा ठेवला की तो सत्काराला बसल्यासारखा दिसतो, असं तिचं मत. पंखाचं टोकही कापायचं नाही. आणि बाळूचा कान ठेवायचा नाही. “कॉम्प्युटरवर पुसता येतो की,” असं मी एकदा म्हणालो, तर केवढी उखडली! “नको असलं तर कापायचं. पर खोटं आभाळ न्हाय लावायचं.”

आजार कळला त्यानंतरही ती बोरगावला आली. त्या दिवशी लेन्सबरोबर तिचाही सगळा भार माझ्या पाठीवर होता. लई हलकी झाली होती. एक सुरय अगदी खालून, पंख पूर्ण पसरून आमच्या अंगावरून गेला. एकदाच क्लिक झालं. मग ती तिथंच वाळूवर बसली आणि म्हणाली, “चल, झालं.”

तो फोटो दवाखान्यात तिच्या उशाशी होता. पक्ष्याची नजर, वळलेली मान, चोचीवरचं ऊन, सगळं साधलं होतं. फक्त डावीकडच्या पंखाचं टोक थेट माझ्या कानाला टेकलेलं. पक्षीप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनासाठी हाच फोटो देईन असा शब्द ती देऊन बसली होती, आणि रोज ते पुठ्ठे सरकवत होती.

“कान काढावा तर पंख जातोय. पंख ठेवावा तर तू ऱ्हातोयस.”

“काप की जरासा पंख. कुणाला कळतंय?”

“पक्ष्याला कळतंय.” मग पुठ्ठे माझ्या हातात देऊन डोळे मिटले. “ऱ्हाऊ दे. उद्या बघू...”

दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडवर होतो.

चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर शोकाकुल पुढारी ठसठशीत आणि आक्का स्टॅम्पाएवढी; चौकट कशी करू नये याचा नमुनाच. दिवसकार्य झाल्यावर मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला, फोटो पाठवा म्हणून. मेधा म्हणाली, “मामा, आता तुम्हीच कापा.” टिळकवाडीच्या त्या टेबलाशी बसलो. आजवर तिनं मला पुठ्ठ्याला हात लावू दिला नव्हता. डावीकडून सरकवला की पंख तुटे. मागं घेतला की मी येई. आक्कानं काय केलं असतं ते मला ठाऊक नव्हतं. तिलाच ठाऊक असतं तर तिनं ते केलं असतं. दुपार गेली. शेवटी पुठ्ठे बाजूला ठेवले आणि फोटो होता तसा अख्खा दिला. पंख कापायचा नाही हा तिचा नियम, असं मेधाला सांगितलं. पण तिच्या आईच्या शेवटच्या फोटोतून निघून जायचं मला जमलं नव्हतं, एवढं तिला कळत होतं.

प्रदर्शनाला मी गेलो नाही. सेक्रेटरींचा पुन्हा फोन आला. “सर, फोटो लई भारी हाय. पर कोपऱ्यात डाग आलाय न्हवं, लोक इचाराय लागल्यात.”

“कान आहे तो.”

“कान? कुणाचा?”

“तिच्या भावाचा.”

ते हळू आवाजात म्हणाले, “मग खाली तुमचं बी नाव घालू काय, सर?”

“नको,” मी म्हणालो. “पक्ष्याचं घाला.”