धर्ममातेची घंटा

एवारिस्तो ग्वाकिंचाय पहिल्यांदा माझ्या नजरेत भरले ते चिडलेले. उस्पायाता या आमच्या डोंगरातल्या गावच्या शाळेतून निवृत्त होऊन मी तिथल्याच वाचनालयात बसू लागले होते. त्यांनी एक युद्धकादंबरी माझ्या टेबलावर आपटली.

"बाई, यातली खेचरं कुठल्या गाढवानं लिहिलीत?"

तरुणपणी ते सैन्याच्या डोंगरी तुकडीत खेचरं हाकत. एका पुस्तकात खेचरं घोड्यांसारखी चाल करून जात, दुसऱ्यात, बुजू नयेत म्हणून डोळ्यांवर बांधायचं फडकं न बांधताच त्यांच्या पाठीवर तोफ चढे. एवारिस्तो प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचत आणि मग मला ऐकवत. वर्षभर ऐकून मी वैतागले आणि मुलांच्या कपाटातली एक जाडजूड कादंबरी त्यांच्या हाती दिली. मुखपृष्ठावर पंखवाला साप, खाली भाले घेतलेली फौज.

"हे? मी काय सहावीत आहे?"

"सापांबद्दल तरी तुमची तक्रार नसेल!"

चौथ्या दिवशी ते पुस्तक छातीशी धरून आले. "पान दोनशे बारा. मोठ्यानं वाचा."

आमच्याकडे खेचरांच्या तांड्यापुढे गळ्यात घंटा बांधलेली घोडी चालते. तिला धर्ममाता म्हणतात. माणसाला न जुमानणारी खेचरं त्या घंटेमागे कड्यावरूनही जातात. कादंबरीत सापांना चाहूल लागू नये म्हणून सरदार घंटेत चिंध्या कोंबायला लावतो. खिंडीत खेचरं पांगतात. चाबूक बसतो हाकणाऱ्याला.

मी वर पाहिलं. एवारिस्तोंनी टोपी काढली होती.

"आमच्या लेफ्टनंटनं गोणपाट कोंबलं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, साहेब, घंटा नसली की ही आंधळी होतात. नऊ खेचरं दरीत गेली. माझ्या नोकरीच्या कागदावर शेरा पडला, हलगर्जीपणा. छत्तीस वर्षं सांगतोय, बाई. बायकोलाही खरं वाटलं नाही. आणि या सापवाल्याला कसं कळलं?"

त्या शेऱ्यामुळे दर फेब्रुवारीत गावात निघणाऱ्या सैन्याच्या संचलनात जुन्या खेचरवाल्यांबरोबर त्यांना चालू देत नाहीत. शेरा काढावा म्हणून आम्ही सैन्याच्या कचेरीला अर्ज लिहिला. मी नको नको म्हणत असताना त्यांनी पान दोनशे बाराची प्रत जोडलीच. सात महिन्यांनी उत्तर आलं: काल्पनिक साहित्य पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

"साप काल्पनिक आहेत!" ते ओरडले. "घोडी नाही!"

दुसऱ्या अर्जाला उत्तरच आलेलं नाही. दर सोमवारी ते विचारतात, मी नकारार्थी मान हलवते. मग ते कादंबरीच्या दुसऱ्या भागावर घसरतात, कारण त्यात फौज खेचरं सोडून जहाजानं जाते.

यंदाच्या संचलनात घोडी घंटा वाजवत पुढे होती. एवारिस्तो बेकरीसमोरच्या फुटपाथवर उभे होते.